थेराच्या डोंगरमाथ्यावर

वाचकहो, या सदरातून आपण आजवर बहुधा आपल्याच देशातील गड, लेणी आणि नदीकाठचे घाट पाहिले. या खेपेस मात्र थोडे दूर जायचे आहे. गेल्या सप्टेंबरात कामानिमित्त अथेन्सला जाण्याचा योग आला, आणि हाती चार दिवस मोकळे उरले. ते कोठे घालवावेत, याविषयी माझ्या मनात फारसा संदेह नव्हता. शाळेत असताना ग्रीक इतिहासकार हेरोडोटस याच्या ग्रंथातील एक कथा वाचली होती. एका बेटावर सात वर्षे पाऊस पडला नाही, तेव्हा तेथील लोकांनी चिठ्ठ्या टाकून घराघरांतून एकेक भाऊ देशोधडीस लावला, अशी ती कथा. आमच्या घरातही एक भाऊ दुष्काळापायी गाव सोडून निघाला होता, त्यामुळे ती कथा मनात खोल रुतून बसली होती. ते बेट आणि त्यावरची ती नगरी एकदा डोळ्यांनी पाहावी, ही इच्छा तेव्हापासूनची.

त्या बेटाचे नाव थेरा. आज जग त्याला सांतोरिनी म्हणून ओळखते. पायरिअस बंदरातून निघालेली बोट सात-आठ तासांनी एका प्रचंड कड्याच्या पायथ्याशी येऊन लागते. हा कडा म्हणजे ज्वालामुखीच्या खचलेल्या मुखाचा काठ. ख्रिस्तापूर्वी सोळाशे वर्षांच्या सुमारास येथे जो उद्रेक झाला, त्यात बेटाचा मधला भाग समुद्रात गडप झाला आणि उरलेले बेट अर्ध्या कंकणासारखे राहिले. कड्याच्या माथ्यावर पांढरी घरे आणि निळे घुमट दाटीने बसलेले आहेत. चित्रांतून आपण जे सांतोरिनी पाहतो ते हेच. लाखो प्रवासी येथे येतात, पश्चिमेकडे तोंड करून सूर्यास्त पाहतात आणि परत जातात. मला जायचे होते ते त्यांच्या पाठीमागे, बेटाच्या आग्नेय टोकाला असलेल्या मेसा वुनो या डोंगरावर.

एक गल्लत येथेच दूर केलेली बरी. त्या उद्रेकाच्या राखेखाली जे गाव गाडले गेले, ते बेटाच्या दक्षिण टोकाजवळचे आक्रोतिरी. स्पिरिडॉन मारिनातोस या ग्रीक संशोधकाने १९६७ साली तेथे उत्खनन सुरू केले आणि भिंतींवरील अप्रतिम रंगीत चित्रे उजेडात आली. मेसा वुनोवरची नगरी त्यानंतर कित्येक शतकांनी, निराळ्या लोकांनी वसवली. आक्रोतिरीचे लोक नाहीसे झाले, बेट दीर्घकाळ जवळजवळ ओसाड राहिले, आणि इ. स. पूर्व नवव्या-आठव्या शतकांच्या सुमारास स्पार्टाकडील डोरियन ग्रीक येथे आले. त्यांचा पुढारी थेरास. स्पार्टाच्या दोन बाल राजपुत्रांचा तो मामा आणि पालक. भाचे वयात आले, राज्य त्यांच्या हाती गेले. ज्याने सत्ता चालवली होती त्याला आता आज्ञेत राहणे रुचेना, म्हणून तो सोबत्यांसह नौकांतून निघाला, असे हेरोडोटस सांगतो. त्यापूर्वी या बेटाला कल्लिस्ते, म्हणजे ‘सर्वांत सुंदर’, असे म्हणत. या पुरुषाच्या नावावरून ते थेरा झाले.

सकाळी लवकर कामारी गावातून चढावयास प्रारंभ केला. गाडीरस्ता नागमोडी वळणे घेत डोंगरावर चढतो; चालणाऱ्यांसाठी पायवाटही आहे. वाटेत उतारावर एका गुहेत लहानसे देऊळ आणि त्यात झरा आहे. झऱ्याची धार बारीक, करंगळीएवढी. पण ज्या बेटावर नैसर्गिक झरे मोजकेच, तेथे तिला किती मान मिळतो, ते भाविकांनी लावलेल्या मेणबत्त्यांवरून कळते. मी ओंजळभर पाणी प्याले. पुढे दिवसभर त्या ओंजळीची आठवण होत राहिली.

रस्ता ज्या खिंडीत संपतो तिला सेलाडा म्हणतात. सेलाडा म्हणजे खोगीर, आणि आकारही तसाच. एका बाजूला बेटावरचे सर्वांत उंच शिखर प्रोफितिस इलियास, सुमारे ५६५ मीटर. दुसऱ्या बाजूला मेसा वुनो, सुमारे ३६० मीटर. या खोगिराच्या दोन्ही उतारांवर प्राचीन थेराची स्मशानभूमी होती. म्हणजे त्या काळी नगरीत येणाऱ्याला आधी तिच्या मृतांच्या ओळींतून यावे लागे. वारा एवढा की बोलणे ऐकू येईना. उन्हाळ्यात या समुद्रावर उत्तरेकडून सतत जो वारा वाहतो त्याला मेल्तेमी म्हणतात. सप्टेंबरातही त्याचा जोर ओसरला नव्हता. डोक्यावरचा रुमाल एका हाताने धरून आणि दुसऱ्या हाताने खडकाचा आधार घेत मी वर निघाले.

पायाखालचा खडक पाहून नवल वाटले. सारे बेट ज्वालामुखीच्या काळ्या-तांबड्या दगडाचे आणि पांढुरक्या राखेचे. हा डोंगर मात्र करड्या चुनखडीचा. ज्वालामुखी जन्मण्याच्या कितीतरी आधी जो खडक समुद्रातून वर आला होता, त्याचाच हा अवशेष. ज्यांना स्थिर भूमीवर घर बांधायचे होते त्यांनी हा डोंगर निवडला, हे समजण्यासारखे आहे. शिवाय तिन्ही बाजूंना तुटलेले कडे, चढायला एकच वाट, आणि खाली दोन्ही अंगांना दोन किनारे, इकडे कामारी, तिकडे पेरिसा. कोणतेही गलबत नजरेतून सुटू नये अशी ही जागा. संरक्षणासाठी जे जे हवे ते सर्व येथे आहे. नाही ते फक्त पाणी.

नगरीच्या वेशीजवळ एक छोटे ख्रिस्ती देऊळ लागते. जुन्या प्रार्थनामंदिराच्या जागी, त्याच्याच दगडांचा उपयोग करून ते उभारलेले आहे. त्यानंतर डाव्या हाताला, उभ्या खडकात कोरलेले एक विलक्षण देवस्थान दिसते. गरुड, सिंह आणि डॉल्फिन मासा अशी तीन शिल्पे ओळीने आहेत. गरुड झ्यूसचा, सिंह अपोलोचा, मासा समुद्रदेव पोसायडनचा. माशाच्या वर एका पुरुषाचा मुखवटा कोरला आहे. हा आर्तेमिदोरस. तो येथला नव्हे. आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्याकडील पेर्गे हे त्याचे गाव. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात ईजिप्तच्या टॉलेमी राजांनी थेरावर आपले आरमारी ठाणे बसवले होते. त्यांच्या सेवेत हा आला आणि येथेच राहिला. त्याने स्वखर्चाने हे स्थान कोरवले आणि त्यात आणखी एक वेदी बांधली. ती कोणा मोठ्या देवाची नाही, तर ‘होमोनोइया’ची आहे. आपल्या भाषेत ‘एकमत’ किंवा ‘सलोखा’ असा त्याचा अर्थ होईल. ही वेदी स्वप्नातील आदेशावरून उभारली, असे शेजारच्या लेखात त्याने नोंदवले आहे. थेराच्या लोकांनीही त्याचा गौरव केला. नव्वद वर्षांचे आयुष्य त्याला दैवी कौलाने सांगितले होते आणि त्यावर तीन वर्षे अधिक मिळाली, असेही तेथे कोरलेले आहे.

परगावाहून आलेल्या माणसाने नव्या गावाला द्यावयाची भेट म्हणून सलोख्याची वेदी द्यावी, हे मला फार सूचक वाटले. राज्याराज्यांतून बदलीमुळे वा पोटापाण्यासाठी हिंडणाऱ्या आपल्या वाचकांपैकी अनेकांना या गृहस्थाशी सहज मैत्री करता येईल.

येथून मुख्य रस्ता डोंगराच्या कण्यावरून पुढे जातो. नगरी लांबट; रुंदीला जागाच नाही. मध्ये चौक लागतो. ग्रीक नगरांत बाजार, सभा, न्याय, गप्पा सारे ज्या जागी चाले ती ही जागा, ‘अगोरा’. तिची लांबी सुमारे ११० मीटर. त्याच्या कडेला ‘राजमंडप’ म्हणून ओळखली जाणारी लांबलचक इमारत आहे, ४६ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. छत पेलणाऱ्या दहा स्तंभांची रांग तिच्या मधोमध होती आणि त्यांचे बुंधे आजही उभे आहेत. थोडे पुढे नाट्यगृह. त्याच्या पायऱ्यांवर बसले की नटांच्या पाठीमागे पडदा म्हणून केवळ समुद्र दिसतो, थेट खाली साडेतीनशे मीटरवर. नाटक पाहणाऱ्यांचे लक्ष नाटकावर कसे राहत असेल, कोण जाणे! त्याखेरीज ईजिप्तच्या इसिस, सेरापिस आणि अनुबिस या देवतांसाठी खडकात कोरलेले स्थान, शिपायांच्या तालमीची जागा, रोमन काळातील स्नानगृह, अशा दहा-बारा शतकांच्या खुणा एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून येथे उभ्या आहेत.

पण मला सर्वांत अधिक वेळ थांबवले ते घरांनी. घरांच्या भिंती आता कमरेएवढ्याच उरल्या आहेत, तरी मांडणी स्पष्ट दिसते. मध्ये लहानसे फरसबंदी अंगण, भोवती खोल्या, आणि अंगणाखाली हौद. छपरावर पडलेला थेंब पन्हळीतून अंगणात, अंगणातून हौदात. हौदाला आतून गिलावा, वर दगडी तोंड. भूमध्य समुद्राच्या या भागात पाऊस पडतो तो हिवाळ्यात. उन्हाळाभर आभाळ कोरडे. म्हणजे हिवाळ्यात जे साठेल त्यावर पुढचे सहा-सात महिने काढायचे. प्रत्येक घराची श्रीमंती त्याच्या अंगणाखाली होती आणि ती घागरीने मोजता येत होती. आपल्याकडच्या गडांवर कातळात खोदलेली टाकी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना यातला हिशेब सांगावा लागणार नाही. गड किती दिवस झुंजेल हे तटावरून नव्हे, टाक्यावरून ठरत असे.

एका हौदाच्या तोंडाशी वाकून पाहत होते, तोच मागून कोणी तरी हाक मारली. निळ्या सदऱ्यातली, साठीच्या आसपासची एक बाई. ती येथील रखवालदार होती. आत पडू नकोस, एवढेच सांगायला ती आली होती. पण तिलाही त्या वाऱ्यात बोलायला माणूस हवे होते असे दिसले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत आमचे संभाषण चालले.

“कुठून आलीस, पोरी?”

“भारतातून.”

“तिकडे पाऊस फार पडतो म्हणे.”

“कुठे फार, कुठे मुळीच नाही,” मी म्हटले.

ती हसली. “आमच्या जुन्या घराच्या अंगणाखाली असाच हौद होता. पावसाळ्याच्या तोंडावर वडील धाबे आणि अंगण झाडून, चुना लावून पांढरे करीत. पहिल्या सरीचे पाणी सोडून द्यायचे, मग पुढचे भरायचे. हौदात काठी बुडवून ते खूण पाहत. काठी किती ओली झाली, त्यावरून त्या वर्षी कोंबड्या किती ठेवायच्या ते ठरे.”

९ जुलै १९५६ रोजी या बेटावर मोठा भूकंप झाला. पन्नासहून अधिक माणसे दगावली, असंख्य घरे कोसळली आणि अनेक कुटुंबे बेट सोडून गेली. तिच्या वडिलांचे घर त्यातच पडले. ती तेव्हा जन्मली नव्हती. दोन भावांत एक राहिला, एक गेला. राहिले ते तिचे वडील, गेले ते काका, अथेन्सला.

“काका परत आले का?” मी विचारले.

“आले ना. दर उन्हाळ्यात यायचे,” ती म्हणाली. “पाहुणे म्हणून.”

यावर दोघीही काही बोललो नाही. ती आपल्या सावलीच्या जागी गेली आणि मी तशीच हौदाच्या कडेला बसून राहिले. हेरोडोटसची कथा आठवू लागले.

कथा अशी. थेराचा राजा ग्रिन्नस डेल्फीच्या देवस्थानी कौल घेण्यास गेला. त्याने विचारले एक आणि देवाच्या पुजारिणीने सांगितले भलतेच: लिबियात जाऊन वसाहत करा. राजा म्हातारा झाला होता. त्याने सोबतच्या बाट्टस नावाच्या तरुणाकडे बोट दाखवले आणि मंडळी घरी परतली. लिबिया कोठे आहे हेच कोणाला ठाऊक नव्हते. गोष्ट तेथेच राहिली. त्यानंतर सात वर्षे थेरावर पाऊस पडला नाही आणि बेटावरची एकूण एक झाडे वाळली. वाचले ते फक्त एक. पुन्हा कौल, पुन्हा तेच उत्तर. तेव्हा लोकांनी क्रीट बेटावर चौकशी केली आणि वादळाने एकदा लिबियाच्या किनाऱ्याला लागलेला एक कोळी वाटाड्या म्हणून मिळवला. मग ठराव झाला. बेटावरच्या सातही भागांतून, जेथे भाऊ भाऊ असतील तेथे चिठ्ठी टाकावी आणि ज्याची निघेल त्याने जावे. पन्नास वल्ह्यांच्या दोन नौका बाट्टसच्या नेतृत्वाखाली निघाल्या.

नवा देश त्यांना मानवला नाही. ते परत फिरले. आणि येथे कथेतला सर्वांत कठोर प्रसंग येतो. त्यांच्या नौका थेराच्या किनाऱ्याजवळ येताच बेटावरच्या लोकांनी त्यांच्यावर मारा केला, त्यांना जमिनीवर पाऊल टाकू दिले नाही आणि परत जा म्हणून सांगितले. किनाऱ्यावर उभे असलेले कोण? ज्यांची चिठ्ठी निघाली नव्हती ते भाऊ.

निरुपाय होऊन ते पुन्हा गेले. आधी एका लहान बेटावर दोन वर्षे, मग समोरच्या किनाऱ्यावर सहा वर्षे. शेवटी तेथील रहिवाशांनी त्यांना आत एका झऱ्यापाशी नेले आणि या ठिकाणी आभाळालाच भोक आहे असे सांगितले. सात वर्षे आभाळाकडे डोळे लावलेल्या लोकांना याहून मोठे आश्वासन कोणते? तेथे त्यांनी इ. स. पूर्व ६३१ च्या सुमारास जी नगरी वसवली ती सायरीन. पुढे ती मूळ थेराहून कितीतरी मोठी आणि संपन्न झाली.

या कथेला दगडाचीही साक्ष आहे. सायरीन येथे इ. स. पूर्व चौथ्या शतकातील एक शिलालेख सापडला असून, पहिल्या वसाहतवाल्यांच्या शपथेचा मजकूर त्यात दिलेला आहे. नगरी पाठवील त्याने गेलेच पाहिजे. नाकारील त्याला देहदंड आणि त्याची मालमत्ता जप्त. मात्र पाच वर्षे धडपडूनही वसाहत तगली नाही, तर निर्भयपणे परत यावे आणि आपली जमीन परत घ्यावी. ही शपथ घेताना मेणाच्या बाहुल्या करून जाळल्या गेल्या, आणि जो शपथ मोडील तो असाच वितळून जावो, असा शाप पुरुष, स्त्रिया, मुलगे आणि मुली सर्वांनी मिळून उच्चारला. हा मजकूर मूळ शपथेचा कितपत आहे आणि मागाहून रचलेला कितपत, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. ते काहीही असो. दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की मन विषण्ण होते. दगड म्हणतो, परत येण्याचा हक्क राखला होता. हेरोडोटस म्हणतो, परत येणाऱ्यांना किनाऱ्यावर उतरू दिले नाही.

उठून मी नगरीच्या अगदी टोकाला गेले. डोंगर येथे समुद्रावर नाकासारखा पुढे आला आहे. जुन्या भिंतीचा आधार देऊन सपाट केलेली एक गच्ची आणि तिच्याजवळ अपोलो कार्नेयस या देवाचे मंदिर. डोरियन लोकांचा हा मुख्य देव. त्याच्या उत्सवात गावातले मुलगे या गच्चीवर नाचत. आसपासच्या खडकांवर नावे कोरलेली आहेत, देवांची आणि माणसांची. अमका उत्तम नाचतो, अशी प्रशस्तीही. यांतील जुने लेख इ. स. पूर्व सातव्या शतकाच्या आसपासचे, म्हणजे ग्रीक लिपीतील सर्वांत प्राचीन लेखांपैकी. अक्षरे वेडीवाकडी, काही ओळी उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या. भाषांतराचा व्यवसाय असल्यामुळे त्यातील एका गोष्टीची मौज वाटली. ‘फ’ आणि ‘ख’ या उच्चारांसाठी थेराच्या लिपीत स्वतंत्र अक्षरे नव्हती. त्यासाठी ते ‘प’ला ‘ह’ आणि ‘क’ला ‘ह’ जोडून लिहीत. आपल्या बाराखडीतील महाप्राणांची ही जणू उकलच. लिपी नुकतीच हाती आलेली, आणि तिचा पहिला उपयोग त्या मुलांनी केला तो आपली नावे खडकावर लिहिण्यासाठी.

मग सहज मनात आले, वसाहत निघाली ती याच शतकात. या गच्चीवर नाचणाऱ्या कोणाकोणाची चिठ्ठी निघाली असेल? आणि किनाऱ्यावर उभे राहून दगड मारणाऱ्यांत त्याच नाचातला त्याचा जोडीदार असेल काय?

आता थोडे घरचे लिहिते. वाचक क्षमा करतील. माझे आजोबा मूळचे सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात विहिरीने तळ गाठला, बैल विकले गेले आणि दोन भावांपैकी एकाने बाहेर पडायचे ठरले. आजोबा धाकटे, म्हणून ते निघाले आणि इंदूरला एका कापडगिरणीत लागले. सहा-सात वर्षांनी, गावी बरे पावसाचे वर्ष आले असे ऐकून, आजी-मुलांसह ते बिछाना गुंडाळून परत गेले. थोरल्या आजोबांनी ओसरीवरच सांगितले, “पाहुणा म्हणून केव्हाही ये, पण राहायला आलास तर विहिरीत तेवढे पाणी नाही.” आठव्या दिवशी मंडळी इंदूरला परतली. आजोबांनी या गोष्टीचा पुन्हा उच्चार केला नाही. मला ती आजीने सांगितली. मात्र गावी जाणाऱ्या त्यांच्या प्रत्येक पत्राची पहिली ओळ एकच असे: ‘यंदा पाऊस कसा आहे?’ थोरले आजोबा कठोर होते, हे आमच्या घरात गृहीतच होते. मीही ते तसेच मानून चालले होते.

त्या डोंगरावर, पाण्याशिवाय सर्व काही असलेल्या त्या नगरीत मला पहिल्यांदा वाटले की किनाऱ्यावरच्या माणसाचीही एक बाजू असते. दगड मारणारे दुष्ट होते, असे हेरोडोटसही म्हणत नाही. त्यांनी हौदात काठी बुडवून पाहिली होती, एवढेच. ओली खूण कोठवर आहे हे त्यांना ठाऊक होते. जाणाऱ्याचे दुःख गोष्टीत सांगितले जाते, कारण तो दूर जातो आणि नवी नगरी वसवतो. राहणाऱ्याचे दुःख अंगणाखाली राहते. त्याने भावाला नाही म्हटलेले असते आणि त्याच अंगणात, त्याच हौदाचे पाणी पीत, त्याला जन्म काढावा लागतो.

थेराच्या नगरीचा शेवटही ओहोटीसारखा हळूहळू झाला. इ. स. ७२६ मध्ये समोरच्या समुद्रात ज्वालामुखी पुन्हा जागा झाला. त्या सुमारास डोंगरावरची वस्ती मोडली. पुढे अकराशे वर्षांहून अधिक काळ येथे वाराच नांदला. १८९६ ते १९०२ या काळात हिलर फॉन गेर्ट्रिंगेन या जर्मन पंडिताने येथे खोदकाम केले, प्रत्येक लेख उतरवून घेतला, आणि एवढ्याशा डोंगरावर किती माणसांची नावे आहेत हे जगाला कळले.

आणि बेटावरील जीवन? ते चालूच आहे. खाली उतरताना द्राक्षांचे मळे दिसले. वेली मांडवावर चढवलेल्या नव्हत्या, तर टोपलीसारख्या गोल वळवून जमिनीलगत ठेवलेल्या, म्हणजे वाऱ्याने घड झडू नयेत आणि समुद्रावरून रात्री येणारा दमटपणा त्यांना मिळावा. सच्छिद्र राख ते दव शोषून धरते. आता समुद्राचे पाणी गोडे करणारी यंत्रेही बेटावर आहेत. हौदावर आयुष्य तोलण्याचे दिवस गेले. तरी भूमी मात्र जुनीच. २०२५ च्या आरंभी भूकंपाच्या धक्क्यांची मालिकाच सुरू झाली, तेव्हा हजारो रहिवाशांनी काही आठवडे बेट सोडले होते. ते परत आले आणि त्यांना कोणी दगड मारले नाहीत. तिकडे लिबियात, आभाळाला भोक असलेल्या त्या जागी, २०२३ च्या सप्टेंबरात ‘डॅनियल’ वादळाने एवढा पाऊस ओतला की सायरीनचे अवशेषही पुरात सापडले, आणि जवळच्या देर्ना शहरात धरणे फुटून हजारो माणसे गेली. पाणी नाही म्हणून घर सोडावे आणि पाण्यानेच नवे घर बुडावे! माणसाच्या पदरी निसर्गाने टाकलेला हिशेब काही सोपा नाही.

वेशीतून बाहेर पडताना आर्तेमिदोरसच्या त्या सलोख्याच्या वेदीपाशी पुन्हा थांबले. सकाळी ती परक्या माणसाने गावाला दिलेली भेट वाटली होती. आता वाटले, या गावाला तिची गरज आधीपासूनच होती. ती ओळखायला मात्र बाहेरून आलेला माणूस लागला.

घरी परतल्यावर आठ दिवसांत मी एक पत्र लिहिले. थोरले आजोबा आणि आमचे आजोबा दोघेही आता नाहीत. थोरल्या आजोबांचा नातू गावी शेती करतो; त्याची माझी गाठ दोन लग्नांत पडली होती, तेवढीच. काय लिहावे ते बराच वेळ सुचेना. अखेर आजोबांची ओळ उसनी घेतली: ‘यंदा पाऊस कसा आहे?’

दादाचे उत्तर आले. पाऊस बरा झाला आहे, विहिरीला परसापर्यंत पाणी आहे, आजोबांच्या हातचे चिंचेचे झाड अजून उभे आहे. खाली सर्वांना नमस्कार, आशीर्वाद, आणि मग निराळ्या शाईने, जणू पत्र मिटता मिटता पुन्हा उघडून घातलेली, एक ओळ होती:

‘दिवाळीत या. राहायला या.’